न वाचलेला ॲडम स्मिथ

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा काही भाग)



प्रारंभीच एक कबुली देतो. तीस वर्षे मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. ॲडम स्मिथ, टाचणीचा कारखाना, श्रमविभागणी आणि तो प्रसिद्ध ‘अदृश्य हात’, हे सारे सांगितले ते क्रमिक पुस्तकांच्या आधारे. १७७६ सालचा ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ हा मूळ ग्रंथ मी प्रथम उघडला तो सेवानिवृत्तीनंतर. आपल्या चळवळीतही त्याला भांडवलशाहीचा आद्य पुरोहित ठरवून निकालात काढण्याची रीत आहे. तेव्हा या पापात मी एकटा नाही.

पहिला धक्का त्या अदृश्य हाताचाच बसला. पाच भागांच्या या ग्रंथात तो शब्दप्रयोग एकदाच येतो. चौथ्या भागात, भांडवल स्वदेशी उद्योगात घालावे की परदेशी, या चर्चेच्या ओघात. उलट मालकांविषयी स्मिथ जे लिहितो ते कामगारांच्या सभेत वाचून दाखवावे असे आहे. मजुरी वाढू नये म्हणून मालकांचे मूक संगनमत सदैव चालू असते. काम बंद पडले तर मालक वर्ष-दोन वर्षे तग धरील, पुष्कळ मजुरांना आठवडाही निघणार नाही. आणि कायदा मात्र मजुरांच्याच एकजुटीला बंदी करतो. हे त्याने पहिल्याच भागात मांडले आहे.

दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करतात, एवढे मी फळ्यावर लिहीत असे. पाचव्या भागात तोच स्मिथ बजावतो की, जन्मभर एक-दोन साध्या क्रिया करीत राहणाऱ्याची बुद्धी बधिर होते. सरकारने काळजी घेतली नाही तर बहुसंख्य श्रमिकांची हीच गत होणार, म्हणून गावोगाव अल्प खर्चाच्या शाळा हव्यात. तो भाग माझ्या फळ्यावर कधी आला नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न नसे!

आपला देशही या ग्रंथात भेटतो. बंगालमध्ये १७७० साली भीषण दुष्काळ पडला होता, त्याला जेमतेम सहा वर्षे झालेली. व्यापारी कंपनीचे राज्य हे बहुधा सर्वांत निकृष्ट राज्य, असा निर्वाळा हा इंग्रजांच्याच राज्यातला स्कॉटिश प्राध्यापक देतो.

म्हणून त्याची आरती ओवाळावी असे मुळीच नाही. धान्यव्यापारात सरकारने पडू नये, पडल्यानेच टंचाईचा दुष्काळ होतो, हे त्याचे मत. बंगालचा दाखलाही तो त्यासाठीच वापरतो. पुढे शंभर वर्षांनी, १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळात, लॉर्ड लिटनच्या सरकारने याच तत्त्वाला धरून धान्याच्या बाजारात हात घालण्याचे नाकारले. माणसे अन्नान्न करीत मरत होती आणि धान्य विलायतेला जात होते. येथे स्मिथशी कडाक्याचे भांडण आहे. परंतु ते त्याच्या पानावर बोट ठेवून करावे. ऐकीव माहितीवर नव्हे.

ग्रंथ जाडजूड आहे आणि भाषा जुनी. पुढील बैठकीसाठी पहिल्या भागातील आठवे, मजुरीवरचे प्रकरण तेवढे वाचून या. चांदीच्या भावासंबंधीचे लांबण खुशाल गाळा, मीही गाळले.