मुलाला न कळलेलं



आपल्याकडचा मे महिना कसा असतो ते वाशीमकरांना सांगायला नको. सकाळी अकराला पाटणी चौकातली गर्दी पांगते, आणि दुपारी चारपर्यंत सगळं गाव कूलरसमोर आडवं झालेलं असतं. त्यात विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात, म्हणजे पोरांना सुट्टीच सुट्टी. यंदा मी ठरवलं की या महिन्यात फक्त कुमारवयाच्या मुलांसाठी लिहिलेल्या, किंवा त्या वयाच्या मुलांविषयी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचायच्या. आणि एकटीनं मनात न वाचता मोठ्यानं वाचायच्या. ऐकायला चार जण होते. पुण्याहून आलेला माझा नातू, समोरच्या घरातल्या दोघी बहिणी, आणि गल्लीच्या टोकाला आजी-आजोबांपाशी राहणारा तेरा वर्षांचा एक मुलगा. त्याचे आई-वडील चाकणला कामाला असतात.

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. धडा संपला की फळ्यावर ‘तात्पर्य’ लिहायचं, ही सवय हाडात मुरलेली. या महिन्यानं ती सवय मोडली, आणि ती कशी मोडली तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. कारण कुमार कादंबरी वाचण्याचीसुद्धा एक कला आहे, आणि ती कुणालाही शिकता येते.

सुरुवात मी भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून केली. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल आणि जिभेचा तो ‘ट्टॉक्’! पोरं पहिल्याच दुपारी खिळून बसली. भागवतांनी १९५१ मध्ये ‘बालमित्र’ मासिक काढलं होतं, ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या होत्या. वाचणाऱ्या मुलाला पान उलटायला कसं लावायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फास्टर फेणे वाचताना एवढंच करा: वाक्यांची लांबी ऐका. पाठलाग सुरू झाला की वाक्यं आखूड होतात, फेणे कुठे दबा धरून बसला की लांबतात. मोठ्यानं वाचताना आपलाच श्वास त्याच्याबरोबर वरखाली होतो. माझ्या नातवाच्या हे लक्षात आलं. तो म्हणाला, “आजी, तू धावतेयस!” मी खुर्चीत बसलेली होते.

पण ज्यासाठी मी आज बोलायला बसले, ते दुसऱ्या आठवड्यात घडलं. पुस्तक होतं ‘तोत्तोचान’. जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचं हे पुस्तक १९८१ मध्ये तिकडे प्रसिद्ध झालं. चेतना सरदेशमुख गोसावी यांचा मराठी अनुवाद नॅशनल बुक ट्रस्टनं काढला आहे. तसं पाहिलं तर ही बालपणाची आठवण आहे, पण वाचताना कादंबरीच वाटते. एका लहान मुलीला पहिलीतच शाळेतून काढून टाकतात. तिची आई तिला दुसऱ्या शाळेत नेते, जिथले वर्ग जुन्या रेल्वेच्या डब्यांत भरतात. तिथले मुख्याध्यापक कोबायाशी सर पहिल्याच भेटीत तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. पोरांना डब्यांची शाळा फार आवडली. आमच्या वाशीम स्टेशनवर पूर्णा-अकोला मार्गावरची गाडी थांबते, तिच्यात शाळा भरली तर कोण कुठल्या बाकावर बसेल, यावर अर्धा तास चर्चा झाली. मग मधेच धाकटी बहीण म्हणाली, “पण आजी, तिले शाळेतून काढलं, हे तिले माईतच नाई?”

श्रोतेहो, हाच तो प्रश्न. तोत्तोचानला ते माहीत नाही. तिची आई तिला ते सांगतच नाही, ती विशीची झाल्यावर सांगते. मुलगी आनंदानं नव्या शाळेच्या फाटकाकडे चालली आहे, आणि वाचणाऱ्याला मात्र आईच्या पोटातली काळजी दिसते आहे. एकाच वाक्यात दोन माणसं चालतात, एक उड्या मारत आणि एक जीव मुठीत धरून. लेखिकेनं आईच्या काळजीचं वर्णन करत बसायचं टाळलं आहे, आणि म्हणूनच ती काळजी आपल्यापर्यंत येते.

कुमार कादंबरीची सगळी मेख इथे आहे. लिहिणाऱ्याला सगळं माहीत असतं, तो मोठा माणूस असतो. पण तो स्वतःला मुलाच्या उंचीवर आणून बसवतो, आणि जे मुलाला दिसत नाही ते सांगत नाही. मुलाला न कळलेलं आपल्याला कळतं, त्या मधल्या जागेत कादंबरी घडते. म्हणून तुम्ही अशी कादंबरी हातात घ्याल तेव्हा एक पेन्सिल जवळ ठेवा. पुस्तक वाचनालयाचं असेल तर वहीत पानाचा आकडा लिहा, पुस्तकावर खूण नको. जिथे मुलाला काही कळलं नाही पण तुम्हाला कळलं, तिथे एक टिंब काढा. शंभर पानांनंतर मागे वळून ती टिंबं बघा. चांगल्या कादंबरीत ती दाट असतात. जिथे लेखक राहवत नाही म्हणून मुलाच्या तोंडून मोठ्या माणसाचं शहाणपण वदवतो, तिथे टिंब पडत नाही, आणि पोरंही नेमकी तिथेच चुळबुळ करायला लागतात. हे मी महिनाभर पाहिलं.

आता कुणी म्हणेल, मग ‘श्यामची आई’चं काय? १९३३ च्या फेब्रुवारीत साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात त्याचा बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत लिहिला, १९३५ मध्ये पुस्तक आलं. तिथे तर सगळं समजावून सांगितलेलं असतं. खरं आहे. पण तिथे सांगणारा कोण आहे ते बघा. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रात्री आपली आई सांगतो आहे. आई गेलेली आहे. तेव्हा न कळलेलं त्याला आता कळलं आहे, आणि ते उशिरा कळलं हेच तर त्याचं रडणं आहे. म्हणजे मधली जागा तिथेही आहे, फक्त ती लहान श्याम आणि मोठा श्याम यांच्यामध्ये आहे. लहानपणी मी हे पुस्तक संस्काराचं म्हणून वाचलं, शिक्षिका म्हणून संस्काराचं म्हणूनच शिकवलं. यंदा त्या दृष्टीनं वाचलं नाही, नुसता सांगणाऱ्याचा आवाज ऐकला, आणि दोनदा चष्मा काढून ठेवावा लागला.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ मी चौघांपैकी फक्त मोठ्या बहिणीला दिली. ती दहावीत जाणार आहे. २००४ मधली ही कादंबरी, नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, आणि शिरोडकर. मुलीनं परत देताना विचारलं, “हा तिला सारखा शिरोडकरच काहून म्हणतो? नाव नाही का तिले?” मी तिला म्हटलं, हेच ऐक. वर्गात मुलींना आडनावानं हाक मारायची ती पद्धत आहे. पण ज्या मुलीवर जीव जडला, तिच्याबद्दल मनातल्या मनात बोलतानाही पोरगा आडनाव सोडत नाही. लाज, धाक, अंतर आणि ओढ, सगळं त्या एका आडनावात आहे. लेखकानं प्रेम हा शब्द किती वेळा वापरला ते मोजू नका. शिरोडकर हा शब्द प्रत्येक वेळी किती वेगळा वाजतो ते ऐका.

आणि या कादंबरीत आणीबाणीचा काळ आहे. मोठी माणसं त्यावर बोलतात, ते मुकुंदाच्या कानावर पडतं, पण त्याचं लक्ष दुसरीकडे आहे. इतिहासाच्या पुस्तकात आणीबाणी मधोमध असते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात ती कडेला असते, आणि मधोमध एका मुलीचा घरी जायचा रस्ता असतो. मी स्वतः त्या काळात साधारण त्याच वयाची होते. मला आठवतं ते असंच आठवतं.

इथे भाषेविषयी थोडं बोलते, कारण मुलांनी तो विषय काढला. फास्टर फेणे पुण्याचा, मुकुंद मुंबईकडचा, मग आपल्यासारखं कोण बोलतं? मी त्यांना उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली दोन पानं वाचून दाखवली. १९६० ची कादंबरी आहे, मोठ्यांची आहे, कौतिकच्या हालअपेष्टांची आहे. पण त्यातली पोरं वऱ्हाडीत बोलतात. ‘मले’, ‘तुले’ छापलेलं पाहून चौघांचे चेहरे असे उजळले, की मी पुस्तक थोडा वेळ त्यांच्याच हातात राहू दिलं. मग सांगितलं की हे आपलं वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी, आणि इथल्या सर्वसेन राजानं ‘हरिविजय’ हे काव्य संस्कृतात न लिहिता महाराष्ट्री प्राकृतात लिहिलं. काव्य हरवलं, पण लोकांच्या बोलीत लिहायची हिंमत या गावात जुनी आहे. आणि आपल्या जिल्ह्यातल्या शिरपूरचे नामदेव कांबळे, ज्यांच्या ‘राघववेळ’ला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, ते तर आपलेच. आता या मातीतल्या तेरा-चौदा वर्षांच्या पोराची वऱ्हाडीत सांगितलेली कादंबरी भरपूर हवी आहे. सोयाबीनच्या सोंगणीला आईसोबत जाणाऱ्या मुलीची, पोहरादेवीच्या यात्रेत चुकलेल्या तांड्यावरच्या मुलाची. ऐकणाऱ्यांत कुणी लिहिणारं असेल, तर माझी ही मागणी मनावर घ्या.

शेवटच्या आठवड्यासाठी मी प्रकाश नारायण संतांचा लंपन राखून ठेवला होता. ‘वनवास’, ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’ अशी चार पुस्तकं. संत हे कराडला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते, इंदिरा संतांचे चिरंजीव. ‘वनवास’ १९९४ मध्ये आलं. खरं तर या कथा आहेत, पण मुलगा एकच आणि गाव एकच, म्हणून सलग वाचल्या की कादंबरीसारख्याच चढत जातात. बेळगावकडचा, कानडीच्या शेजारातला मुलगा. त्याच्या बोलण्यात ‘मॅडसारखं’ आणि ‘बेस्टपैकी’ असे शब्द येतात, आणि माझ्या श्रोत्यांनी ते लगेच उचलले. दोन दिवस गल्लीत सगळं मॅडसारखं चाललं होतं.

लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. म्हणून पहिल्या पुस्तकाचं नाव ‘वनवास’. पण हा मुलगा आपल्या दुःखाचं गाठोडं सोडून बसत नाही. तो झाडं सांगतो, रस्ते सांगतो, शेजारची सुमी सांगतो, वास सांगतो, आवाज सांगतो. मी वाचत होते तेव्हा माझ्या नातवाला जरा कंटाळा आला. तो म्हणाला, “आजी, यात काही होतच नाहीये.” फास्टर फेणेच्या वेगानं आलेला मुलगा, त्याचं चुकलं नाही. मी त्याला समजावणार होते की असं संथ पान कसं वाचायचं. बघायचं ते असं, की हा मुलगा कशाविषयी बोलतो आहे आणि कशाविषयी बोलणं टाळतो आहे.

पण मी तोंड उघडायच्या आत गल्लीच्या टोकाचा तो मुलगा बोलला. महिनाभर तो सगळ्यांत कमी बोलला होता. खाली बघत, चटईची काडी ओढत तो म्हणाला, “थो घरची आठवण सांगत नाई. आजीले वाईट वाटन ना.”

कूलरचा आवाज तेवढा चालू होता. नातवानं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीच बोलले नाही. पुस्तक उघडंच होतं, मी तेच पान पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं. या वेळी नातू हलला नाही.

मी तीस वर्षं शिकवत होते, पण त्या मधल्या जागेत काय आहे, हे त्या मुलानं आपल्या घरातून आणून माझ्या पुढ्यात ठेवलं. चाकणहून आईचा फोन येतो तेव्हा आजी शेजारी बसलेली असते, आणि तो फोनवर काय सांगतो, काय सांगत नाही, हे त्याला लंपनमध्ये दिसलं. साठी उलटल्यावर मला ते पान कळावं म्हणून तेरा वर्षांच्या मुलाला मदतीला यावं लागलं.

तेव्हा तुम्ही घरात ही पुस्तकं आणाल, तर मुलांच्या हाती देऊन उठून जाऊ नका. ल. म. कडूंचं ‘खारीच्या वाटा’ आणा, त्याला २०१७ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे. सलीम सरदार मुल्लांचं ‘जंगल खजिन्याचा शोध’ आणा, भारत सासण्यांचं ‘समशेर आणि भूतबंगला’ आणा. दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’ तर आधी आपल्या आकाशवाणीवरच कानांनी भेटला आणि मग पुस्तकात गेला. तो वाचून दाखवायला सोपा आहे, सुरुवात त्याच्यापासूनही करता येईल. एक पान तुम्ही वाचा, एक मुलाला वाचू द्या. आणि पान संपल्यावर “यातून काय शिकलास?” असं विचारू नका. थोडा वेळ गप्प बसा.

जूनच्या सुरुवातीला नातू पुण्याला गेला. पुस्तकं वाचनालयात परत करायची वेळ आली, तर ‘वनवास’ घरात सापडेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मुलगा दारात आला, पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणलेलं. म्हणाला, आजीला वाचता येत नाही, म्हणून तो रात्री तिला वाचून दाखवतो आहे, निम्मं झालंय. मी दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन ते आणखी पंधरा दिवसांसाठी माझ्या नावावर लिहून घेतलं.