प्लास्टरची मूर्ती आणि कॅल्शियमची जागा

पनवेल–रोहा रेल्वेमार्गावर पेण आणि नागोठण्याच्या मधे कासू लागते. हा सारा पेण तालुका मिठागरांचा आणि गणपतीच्या कारखान्यांचा. प्लास्टरची मूर्ती पाण्यात विरघळत नाही, याचे खापर आपण कारागिरावर फोडतो. प्लास्टर म्हणजे कॅल्शियमचे सल्फेट, म्हणून माझ्या मते या न विरघळण्याचे मूळ आवर्तसारणीत, कॅल्शियमच्या जागेत आहे. दुसऱ्या गणातील अल्कधर्मी मृदा धातूंत मॅग्नेशियमच्या खाली कॅल्शियम आणि बऱ्याच खाली बेरियम येते. मॅग्नेशियमचे सल्फेट लिटरभर पाण्यात 300 ग्रॅमहून अधिक विरघळते, कॅल्शियमचे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम, बेरियमचे तर दोन-अडीच मिलिग्रॅम. म्हणूनच बेरियमचे विद्राव्य क्षार विषारी असूनही त्याचे सल्फेट एक्स-रेआधी रुग्णाला निर्धास्त पाजतात! खाली जावे तसा धातूचा आयन मोठा होतो आणि पाण्याच्या रेणूंवरची त्याची पकड सुटते. सल्फेट मुळातच थोराड, त्यामुळे स्फटिकाची बांधणी मात्र फारशी सैल होत नाही. मिठागरात हेच दिसते. खाडीचे पाणी आटताना जिप्सम, म्हणजे कॅल्शियमचे सल्फेटच, मिठाच्याही आधी तळाशी बसते, मॅग्नेशियम शेवटच्या कडू पाण्यात उरते. आणि प्लास्टर पाणी पिऊन घट्ट होते, ते पुन्हा जिप्सम बनूनच.

कोणी म्हणेल, हायड्रॉक्साइडांत क्रम उलटा आहे. चुन्याची निवळी होते, मॅग्नेशियमची होत नाही. खरे आहे, पण हायड्रॉक्साइड आयन लहान असल्याने तिथे खाली जाताना बांधणीच झपाट्याने सैल होते. नियम तोच, हिशेब वेगळा. दुसरा आक्षेप समुद्राचा : एवढ्या पाण्यात का नाही विरघळणार? विरघळेल, पण पाच किलोच्या मूर्तीला स्थिर पाण्यात दोन हजार लिटर लागतात, आणि वर रंगाचा थर व आत काथ्या असल्यावर ते काम फार रेंगाळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेला अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय म्हणूनच नेमका आहे. कॅल्शियमचे कार्बोनेट सल्फेटहूनही कमी विरघळते, त्यामुळे मूर्तीचा खडू होऊन तळाशी बसतो आणि वर अमोनियम सल्फेट, म्हणजे खताचे पाणी, राहते. ते पाणी पातळ करून झाडांना घालता येते. खाडीत गेले तर शेवाळच माजेल. तेव्हा प्लास्टरची मूर्ती घरी असेलच, तर विसर्जन बायकार्बोनेट घातलेल्या पाण्याच्या बादलीत किंवा पिंपात करा.