द्विपंखी विमानाचे तणावे



तंबू ठोकतांना चारी बाजूंनीं ज्या दोऱ्या ताणून खुंट्यांस बांधतात, त्यांना आपल्या भाषेंत तणावे म्हणतात. एक तणावा सैल पडला कीं तंबू लटपटतो, आणि एकच अधिक ओढला गेला कीं कनातीला पीळ पडतो. आज मी ज्या तणाव्यांविषयीं बोलणार आहें ते तंबूचे नव्हेत. दोन पंखांच्या जुन्या विमानांचे आहेत. आणि तेहि खऱ्या विमानांचे नव्हेत, टेबलावर मावणाऱ्या त्यांच्या लहान प्रतिकृतींचे. साठी उलटलेल्या शाळामास्तरानें असलें खेळणें घेऊन आकाशवाणीवर यावें, याचें कांहीं श्रोत्यांना हंसूं येईल. येवो बापडें. माझ्या घरांत या तारांपायीं एका वृद्ध माणसाचें मन दुखावलें होतें, आणि तें पूर्ववत् करावयास मला दोन वर्षें लागलीं; त्यामुळें मला हा विषय हलका म्हणवत नाहीं.

प्रथम ह्या तारा असतात कशासाठीं तें पाहूं. विमानाचा पंख हलका हवा, म्हणून पूर्वीं तो लाकडाच्या बारीक पट्ट्या आणि त्यांवर ताणलेलें कापड यांचाच करीत. असला पंख एकट्यानें भार सोसणार नाहीं. अमेरिकेंत पुलांचीं कामें केलेले ऑक्टाव्ह शानूट नांवाचे इंजिनिअर होते. त्यांनीं १८९६ सालीं आपल्या तरंगत्या यंत्राला आगगाडीच्या पुलाची युक्ति लावली: एकावर एक असे दोन पंख, मध्यें उभे खांब, आणि खांबांमधल्या प्रत्येक चौकोनांत तिरप्या तारांची फुली. राइट बंधूंनीं १९०३ सालच्या विमानांत हीच रचना घेतली. ते सायकलींचे व्यापारी, तेव्हां तारहि त्यांनीं सायकलच्या आऱ्यांचीच घेतली. उडतांना हवा पंखांना वर उचलते; त्या वेळीं खालच्या पंखाच्या मुळापासून वरच्या पंखाच्या टोंकाकडे जाणाऱ्या तारा भार घेतात. त्या उड्डाणाच्या तारा. विमान जमिनीवर उभें असतां पंख आपल्याच वजनानें लोंबूं पाहतात. त्यांना धरणाऱ्या, उलट दिशेनें जाणाऱ्या, त्या उतरण्याच्या तारा. शिवाय पुढच्या आणि मागच्या खांबांमध्यें आणखी एक लहान फुली असते. जुन्या कारागिरांत एक थट्टा प्रसिद्ध आहे कीं, तारा बांधून झाल्या म्हणजे दोन पंखांच्या मध्यें एक पांखरूं सोडावें. तें बाहेर उडून गेलें तर एखादी तार बांधावयाची राहिली आहे असें समजावें.

आतां प्रतिकृति करणाऱ्याची पहिली चूक येथेंच होते. तो सर्व विमानांना एकच तार लावतो. वास्तविक ब्रिटिश विमानांवर पहिल्या महायुद्धाच्या काळापासून चपट्या तारा आल्या. त्यांचा छेद मसुराच्या डाळीसारखा, मध्यें फुगीर आणि दोन्ही कडांना निमुळता. अशी तार हवेला कमी अडवते. जर्मन विमानांवर मात्र बारीक धाग्यांचा पीळ दिलेला गोल दोर असे, आणि त्याच्या टोंकाशीं ताण कमीजास्त करण्याचें फिरकीचें टर्नबकल असे. म्हणजे आपले इंद्रलाल रॉय १९१८ च्या जुलैमध्यें जें एस. ई. ५ए विमान चालवीत होते त्याला चपटी तार हवी, आणि त्यांच्यासमोरच्या अल्बाट्रोसला गोल हवी. ज्यांना हा सगळा खटाटोप नको त्यांनीं फोक्कर डी ७ करावें. त्याचे पंख आंतूनच इतके भक्कम आहेत कीं पंखांमध्यें तारच नाहीं. नवशिक्यांना मी नेहमीं हेंच सांगतों. पण त्यांना कॅमलच करावयाचें असतें, त्याला इलाज नाहीं.

दुसरी चूक जाडीची. खरी चपटी तार बाजूनें ७ मिलिमीटर दिसते असें समजा. तर १/७२ प्रमाणाच्या प्रतिकृतींत ती सुमारें ०.१ मिलिमीटर झाली पाहिजे, आणि १/४८ मध्यें सुमारें ०.१५. गोल दोर त्याच्या निम्मा धरला तर १/७२ मध्यें तो ०.०५, म्हणजे माणसाच्या बारीक केंसाइतका. शिवण्याचा साधा दोरा याच्या कितीतरी पट जाड असतो. तो लावला म्हणजे विमान बैलगाडीच्या सोलांनीं बांधल्यासारखें दिसतें. माझें तर मत असें कीं, जाड तार लावण्यापेक्षां तार न लावलेली बरी. नसलेली तार डोळा आपल्या मनानें भरून काढतो, जाड तार मात्र त्याला विसरतां येत नाहीं.

एवढी बारीक जाडी घरीं कशी मोजावी? वर्गांत मीं पुष्कळ मुलांना ही रीति दाखविली आहे. तार पेन्सिलीवर अगदीं चिकटून चिकटून पन्नास वेढे गुंडाळा आणि वेढ्यांची लांबी पट्टीनें मोजा. ती ५ मिलिमीटर भरली तर तार ०.१ मिलिमीटरची. दुकानदार जें सांगतो त्यावर विसंबूं नये.

आतां माझी गोष्ट. माझे एक काका तरुणपणीं एका फ्लाइंग क्लबांत टायगर मॉथ विमानांच्या तारा लावण्याचें काम करीत असत. टायगर मॉथ १९३१ मध्यें प्रथम उडालें, आणि आपल्याकडे कित्येक वैमानिक त्यावरच शिकले. २०१६ सालीं काका ८४ वर्षांचे होते आणि कांचबिंदूनें त्यांची दृष्टि पुरती गेली होती. त्यांच्या वाढदिवसाला मीं १/४८ प्रमाणाचें टायगर मॉथ केलें. पंखांची रुंदी टोंकापासून टोंकापर्यंत सुमारें १८६ मिलिमीटर. तारांसाठीं मीं तेव्हां मला ठाऊक असलेली सर्वांत सुंदर वस्तु घेतली. ती म्हणजे ओढलेलें प्लॅस्टिक. संचांतील भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिची एक दांडी मेणबत्तीच्या ज्योतीच्या जरा वर धरून फिरवीत राहावयाची. मधला भाग नरम होऊन चकाकला कीं ज्योतीपासून दूर घेऊन दोन्ही हातांनीं सावकाश ओढावयाचा. गुळाच्या पाकाची तार निघते तसा हातभर लांबीचा धागा निघतो, आणि जितका लांब ओढाल तितका बारीक. तो मापानें कापून डिंकाच्या टिपक्यानें बसवावा. कोठें सैल राहिला तर पेटती उदबत्ती त्याच्या जवळ न्यावी, टेकवूं नये. ओढतांना ताणलेलें प्लॅस्टिक उष्णतेनें आंखडतें आणि धागा सुरेख ताठ होतो. यांत खर्च शून्य, रंग हवा तसा, आणि पंखांवर ओढ जवळजवळ नाहीं. कांचेच्या पेटींत ठेवावयाच्या प्रतिकृतीला याहून चांगली तार मला आजहि ठाऊक नाहीं.

पण काका कांचेच्या पेटींतून पाहणार कसे? त्यांनीं विमान मांडीवर घेतलें आणि बोटें फिरविलीं. बारीक आवाज होऊन एका क्षणांत तीन तारा तुटल्या. काकांनीं हात असे मागें घेतले जणूं चटका बसला. "अरे, मोडलें का रे माझ्या हातानें?" एवढेंच म्हणाले. मीं पुष्कळ समजाविलें, कांहीं झालें नाहीं म्हटलें. परंतु त्यानंतर तें विमान त्यांच्यापुढें ठेवलें तरी ते हात लावीत ना. ज्या हातांनीं खऱ्या विमानांच्या तारा ताणल्या, त्यांना माझ्या प्लॅस्टिकच्या धाग्यानें भित्रें केलें.

मीं त्या तारा काढल्या आणि तंगूस लावला. मासे धरणाऱ्यांकडे जो मिळतो त्याच्याच जातीचा, पण अगदीं बारीक. पंखांना सुईनें भोंकें पाडून, तंगूस आरपार ओवून, ताण देऊन दुसऱ्या बाजूला चिकटवावयाचा. तो बोटानें तुटत नाहीं. मे महिन्यांत तें काम फारच नामी दिसलें, आणि जुलैंत सर्व तारा लोंबूं लागल्या. नायलॉन हवेंतील ओल शोषतो आणि लांबतो. हें मला पुस्तकांतून ठाऊक होतें, पण मुंबईचा पाऊस आणि पुस्तक यांचा संबंध मला वेळेवर जुळवितां आला नाहीं. उलट पावसाळ्यांत ओढून घट्ट केला तर उन्हाळ्यांत तो आंखडून पंख वांकवितो. सुताची गोष्ट याच्या अगदीं विरुद्ध. वाळत घालावयाची सुताची दोरी पावसांत ताठ होते हें घरोघर ठाऊक आहे. तंतु फुगतात, पीळ जाड होतो आणि दोरी आंखूड होते. शिवाय सुताला लव असते, आणि लहान प्रमाणांत ती लव सुरवंटासारखी दिसते. सूत या कामांतून बादच समजावें.

मग धातु. मोटारी गुंडाळणाऱ्या कारागिराकडे रोगण दिलेली तांब्याची तार फुकटांतहि मिळते. ४२ गेजची ०.१ मिलिमीटर, ४० गेजची ०.१२ मिलिमीटर. दोन टोंकें पकडींत धरून हलकेच ताण द्यावा. तार किंचित् लांबते आणि रेघेसारखी सरळ होते. दिसावयाला उत्तम, परंतु मऊ तांबें एकदां वांकलें कीं वांकलेंच. काकांचें बोट लागलें आणि तारेला कोपर आला. निकेल सिल्व्हरची किंवा स्टेनलेस पोलादाची बारीक तार ताठ राहते. पोलादाच्या पातळ पत्र्यांतून रसायनानें कोरून काढलेल्या चपट्या तारा तर ब्रिटिश विमानांना हुबेहूब शोभतात. मात्र प्लॅस्टिक उष्णतेनें पोलादाच्या पांच-सहापट प्रसरण पावतें. दोन्ही टोंकें घट्ट चिकटविलेली धातूची तार थंडींत, पंख आणि खांब तिच्यापेक्षां अधिक आंखडल्यामुळें, धनुष्यासारखी फुगते. म्हणून एक टोंक भोंकांत मोकळें सोडावें. आणि फेव्हिक्विकच्या जातीचा डिंक जपून वापरावा. त्याच्या वाफेनें रंगावर पांढरी बुरशीसारखी झांक येते, ती पुसून जात नाहीं.

शेवटीं एका जुन्या विद्यार्थ्यानें मला लायक्राचा धागा आणून दिला. कपड्यांना लवचिकपणा यावा म्हणून जो तंतु घालतात तोच. रबरासारखा ताणतो, बोट लागलें तर वांकतो आणि सोडतांच पुन्हां सरळ. दुप्पट ताणला तर त्याची जाडी निम्मी होत नाहीं, सुमारें सात-दशांश राहते. हा हिशेब करूनच जाडी निवडावी. पंखांवर ओढ नाममात्र. दोष इतकाच कीं तो उन्हानें आणि वर्षांनीं जीर्ण होतो, म्हणून प्रतिकृति खिडकीशीं ठेवूं नये, आणि दुकानांत वर्षानुवर्षें पडलेलें रीळ घेऊं नये. मला एकदां असलें रीळ मिळालें. आठवड्यांत अर्ध्या तारा तुटल्या, आणि दुकानदार म्हणाला, आपण जोर फार लावतां. लहान मुलांच्या किंवा पाहुण्यांच्या हातीं जाणाऱ्या विमानाला मी आतां हाच धागा लावतों.

काकांपुढें तें विमान ठेवलें आणि त्यांचा हात मीं स्वतः धरून तारेवर नेला. त्यांनीं एक तार दाबली, दुसरी दाबली. हात मागें घेतला नाहीं. मग म्हणाले, "छान आहे. पण ही तार नव्हे रे, ही नाडी आहे. तार बोलते." खऱ्या विमानांत तारेच्या दोन टोंकांना उलटसुलट आटे असतात, तार फिरविली कीं ताण वाढतो. डाव्या आणि उजव्या बाजूच्या जोडीदार तारा सारख्या ताणाच्या हव्यात, आणि तें काका हातानें दाबून व टिचकी मारून पाहत असत. लायक्राला टिचकी मारली तर कांहींच ऐकूं येत नाहीं.

तेव्हां प्लॅस्टिक सोडलें. देवदाराच्या खोक्याच्या फळ्यांतून १/१६ प्रमाणाचें टायगर मॉथ करावयास घेतलें. पंखांची रुंदी ५५९ मिलिमीटर. ओढ सोसण्यासाठीं आंतल्या मुख्य पट्ट्या जाड ठेवल्या. तारेसाठीं सतारीची बाजाची पोलादी तार, ०.३ मिलिमीटर. ती गोल आहे, चपटी नाहीं. म्हणजे आतांच ज्या चुकीबद्दल मीं इतरांना बोल लावला तीच मीं जाणूनबुजून केली. प्रत्येक तारेच्या एका टोंकाशीं पितळेचा बारीक स्क्रू बसविला, तो फिरविला कीं ताण बदलतो. या कामाला चौदा महिने लागले, आणि मधें एकदां ताण अधिक झाल्यानें वरचा डावा पंख पिळला. तो पुन्हां केला.

२०१८ च्या दिवाळींत तें विमान काकांच्या पुढें ठेवलें. त्यांनीं मान तिरपी करून एक एक तार छेडली. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग म्हणाले, "उजवीकडची उतरण्याची पुढची तार सैल आहे. पेचकस आण." पेचकस मीं त्यांच्या हातांत दिला आणि स्क्रूवर टेकवून दिला; पुढचें सर्व त्यांनीं केलें. दोन्ही बाजूंचे स्वर मिळाले तेव्हां माझ्या काकूंनीं स्वयंपाकघरांतून विचारलें कीं सतार कोण लावतें आहे.

पुढें वर्षभर तें विमान त्यांच्या पलंगाशेजारीं होतें. काका २०१९ च्या हिंवाळ्यांत गेले. विमान आतां माझ्या खोलींत आहे. पोलादी तारेला आमच्या दमट हवेंत गंज चढतो, म्हणून पावसाळ्याच्या आधीं आणि नंतर शिवणयंत्राच्या तेलाचें बोट सर्व तारांवरून फिरवावें लागतें. डावीकडची एक तार मात्र गंजून गेल्या वर्षीं बदलावी लागली. नवी तार बसविणें सोपें होतें. तिचा ताण जोडीदार तारेशीं जुळविण्यास मला शेजारच्या मुलीकडून पेटी मागून आणावी लागली, आणि तरीहि तो पुरता जुळला आहे असें मला वाटत नाहीं.