जांघेतलं अवधाण

पायात काटा रुतून जखम चिघळली की एक-दोन दिवसांत जांघेत दुखरी गाठ येते. आपण म्हणतो, अवधाण आलं. अनेकांना वाटतं, विष वर चढलं. खरं तर तिथे आपल्याच बाजूनं लढाई चालू असते.

ही गाठ म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथी. शरीरात अशा ग्रंथी शेकड्यांनी आहेत. मान, काख, जांघ इथे त्यांचे पुंजके. जखमेतले जंतू लसीका या द्रवाबरोबर वाहत, किंवा पहारेकरी पेशींबरोबर, ग्रंथीत पोचतात. तिथल्या असंख्य लिम्फोसाइट पेशींपैकी ज्या मोजक्या पेशींना तो जंतू ओळखता येतो, त्या भराभर वाढतात. म्हणून गाठ सुजते. या पेशींचा जन्म अस्थिमज्जेतला. त्यांतल्या टी-पेशी छातीतल्या थायमसमध्ये परिपक्व होतात. १९६१ साली संशोधक जॅक मिलर यांनी त्याचं काम दाखवेपर्यंत हा अवयव जवळजवळ निरुपयोगी मानला जाई! लसीका ग्रंथींसारखीच रक्तातल्या जंतूंवर नजर ठेवते ती पांथरी, म्हणजे प्लीहा.

अवधाण जखमेबरोबर ओसरतं. पण मानेतली गाठ, न दुखणारीसुद्धा, दोन-तीन आठवडे टिकली तर ती गंडमाळ, म्हणजे क्षयाची असू शकते. लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. सरकारी दवाखान्यात क्षयाची औषधं मोफत मिळतात.