समेट कुणाच्या सोयीचा?
(भंडारा येथील कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेले भाषण)

गेल्या रोवणीच्या दिवसांतली गोष्ट. लाखांदूरकडची एक बाई माझ्याकडे आली. नवरा सुरतेला कामाला. घटस्फोटाचा दावा त्याने तिकडेच टाकलेला. एका तारखेला जायचे तर तीन दिवसांची मजुरी बुडणार, पोर कुणाकडे ठेवायचे हा प्रश्न वेगळाच. मग मध्यस्थी मोबाइलवर ठरली. मला वाटले, बरे झाले, हिची पायपीट वाचली.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाई, मी सगळ्याला हो म्हटलं. दीर समोरच बसून होता."

मोबाइलच्या पडद्यावर तो दीर कुणालाच दिसला नव्हता. पडद्यावर चेहरा दिसतो, खोली दिसत नाही. आज मला एवढ्याचबद्दल बोलायचे आहे.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढेही आला होता. नवऱ्याने दूर दावा टाकला की बाई तो आपल्या जिल्ह्यात आणावा म्हणून अर्ज करते. मार्च 2017 मध्ये कृष्णवेणी नगम प्रकरणात न्यायालयाने त्याऐवजी व्हिडिओ कॉन्फरन्सचा मार्ग सुचवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संथिनी प्रकरणात तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी तो निर्णय फिरवला. समेटाचे प्रयत्न समोरासमोर व्हावेत. ते फसले आणि दोघांनीही मागणी केली, तरच व्हिडिओचा विचार व्हावा, असे त्यांनी म्हटले. तिसरे न्यायमूर्ती चंद्रचूड यांचे मत वेगळे होते. त्यांना या साधनात बाईचीही सोय दिसत होती. पुढे कोरोनाच्या काळात न्यायालयेच पडद्यावर आली. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात ऑनलाइन मध्यस्थीला जागा मिळाली, पण दोन्ही पक्षांच्या लेखी संमतीने.

मला दोन्ही बाजू पटतात. मार खाल्लेल्या बाईला त्या माणसासमोर बसावे लागत नाही, हे मोठेच सुख आहे. पण संमती नेमकी कुणाची? ज्या घरात मोबाइल एकच आणि तोही पुरुषाच्या खिशात, तिथे बाईच्या "हो"ची किंमत काय? गावच्या बैठकीत चार मोठी माणसे "नांदायला जा" म्हणत, तेव्हाही बाई मान हलवायचीच. तेच दडपण आता मोबाइलवर यायला नको.

म्हणून आपण काही गोष्टी धरून ठेवू या. बाईने घरातून बोलू नये. विधी सेवा कार्यालयात किंवा आपल्या केंद्रात बसून बोलावे. मध्यस्थाने तिच्याशी एकटीने बोलावे, आणि आधी विचारावे, "खोलीत कोण आहे?" कुणी रेकॉर्डिंग करू नये, कायद्यातच तशी मनाई आहे. मारहाण असेल तर आधी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षणाचा आणि राहत्या घराचा आदेश मागावा, समेटाचे नंतर पाहावे. करारात पोटगी किती, कोणत्या तारखेला, पोर कुणाकडे, स्त्रीधन केव्हा परत, हे मराठीत लिहून घ्यावे आणि वाचून दाखवल्याशिवाय सही करू नये. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीवर अपील नसते, हे तर प्रत्येकीला आधीच सांगावे.

वकिलाच्या पैशांची चिंता नको. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिची मिळकत कितीही असो. 15100 हा त्यांचा फोन नंबर गावागावात भिंतीवर लिहू या.

त्या बाईने अजून सही केलेली नाही. पुढच्या बोलणीला ती आमच्या केंद्रात बसली. दार आतून लावले होते. पोटगीचा आकडा ऐकून ती पहिल्यांदाच म्हणाली, "इतक्यात माझ्या पोराचं भागत नाही."

बोलणी अजून चालू आहेत. समेट होईल किंवा होणारही नाही. पण आता जे ठरेल त्यात तिचा शब्द असेल. मैत्रिणींनो, पडद्यावर असो की समोरासमोर, आपले काम ते दार आतून लावून देण्याचे आहे.