डुंगरवाडीवरील निरोप

मुंबईच्या मलबार टेकडीवरील डुंगरवाडीत पारशी स्नेह्याला निरोप देण्यास प्रथमच जाणारा परधर्मीय बहुधा एका गोष्टीने दुखावतो. आयुष्यभर ज्याची सोबत केली, त्याच्याबरोबर शेवटपर्यंत चालता येत नाही. हे आधी ठाऊक असलेले बरे.

पायदस्त, म्हणजे अंत्ययात्रा, दिवसाउजेडीच निघते. अशा पाहुण्याने वेळेच्या बरेच आधी बंगलीत पोहोचावे. वस्त्रे शक्यतो पांढरी असावीत, मस्तक झाकलेले असावे. मुखदर्शन घ्यायचे ते प्रार्थनेपूर्वीच. गेहसारना सुरू झाली, दोन मोबेद गाथा म्हणू लागले, की त्याने बाहेर बसावे. मध्येच कुत्र्याला देहापाशी आणतात. या ‘सगदीद’ विधीचे नवख्याला नवल वाटते. परंतु कुत्र्याच्या दृष्टीने अमंगळ दूर होते, ही फार प्राचीन श्रद्धा आहे. मग पारशी मंडळी दोघे-दोघे मिळून, मध्ये पांढरा रुमाल धरून, शवामागून चालू लागतात. एकट्याने कोणी चालत नाही. बाहेर बसलेल्या मित्राला हे दृश्य दुरून दिसते, तेवढेच.

दख्म्यावरची गिधाडे मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ नाहीशी झाली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक त्यांना भोवले. त्यावर २००६ साली बंदी आली. काही कुटुंबे आता दहन पसंत करतात. त्यांच्यासाठी २०१५ साली वरळीच्या स्मशानभूमीत प्रार्थनागृह उघडले. तेथे परधर्मीय स्नेह्यालाही प्रार्थना संपेपर्यंत आत बसता येते.