घर विकलं गेलं, भाडेकरूचं काय?

आजचं बोलणं भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यातही हरसूलसारख्या गावात भाड्यानं राहणाऱ्यांसाठी. शहरातल्या भाडेकरूंबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ येतं. गावातल्या भाडेकरूंकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही.

हरसूल त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं, गुजरातच्या हद्दीजवळचं, आसपासच्या पाड्यांचं बाजाराचं गाव. इथं ग्रामीण रुग्णालय आहे, पोलीस ठाणं आहे, शाळा आहेत. त्यामुळे बदलीवर आलेले शिक्षक, परिचारिका, वनखात्याचे कर्मचारी, शिकायला आलेली पोरं आणि पेठेत गाळा घेऊन बसलेले छोटे दुकानदार, असे पुष्कळ जण भाड्यानं राहतात. अशा गावांत करार बहुधा तोंडी असतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे हातात द्यायचे, पावती मागायची नाही, मालकाला काका नाहीतर भाऊ म्हणायचं, आणि सगळं सुरळीत चालतं. मग एके दिवशी अनोळखी माणूस दारात उभा राहतो. "घर मी घेतलंय. पंधरा दिवसांत खाली करा."

तुम्ही परिचारिका आहात, रात्रपाळी करून नुकत्याच घरी आला आहात, आणि हे वाक्य कानावर पडतं, असं समजा. त्या क्षणी काय ठाऊक असायला हवं?

पहिली गोष्ट ही की घर विकलं म्हणून भाडेकरार आपोआप मोडत नाही. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं १०९ कलम सांगतं की घर विकत घेणाऱ्याला जुन्या मालकाचे हक्क मिळतात, आणि तुमचा करार ज्या अटींवर आहे त्या जबाबदाऱ्याही त्याच्याकडे येऊ शकतात. भाडं तेच, मुदत तीच, फक्त भाडं घेणारा हात बदलतो. "आत भाडेकरू आहे हे मला माहीतच नव्हतं," असं त्याला सहसा म्हणता येत नाही. घरात प्रत्यक्ष कोण राहतं आणि कोणत्या हक्कानं, हे खरेदीदाराला माहीत होतं असंच कायदा धरून चालतो. त्याची चौकशी त्यानं सौदा करण्याआधी करायची असते.

विक्री थांबवणं मात्र तुमच्या हातात नाही. मालकानं घर विकण्यापूर्वी तुमची परवानगी घ्यायला हवी किंवा आधी तुम्हाला विचारायला हवं, असं राहत्या घराबद्दल आपल्याकडे कायदा सांगत नाही. करारात तसं लिहिलेलं असेल तर गोष्ट वेगळी. फ्रान्समध्ये मालकानं विकण्यासाठी भाडेकरूला जागा सोडायची नोटीस दिली, तर ती जागा विकत घ्यायची पहिली संधी भाडेकरूला मिळते, आणि हे १९८९च्या कायद्यानं ठरलेलं आहे. आपल्याकडे कसेल त्याची जमीन या तत्त्वावर १ एप्रिल १९५७ रोजी, कृषक दिनी, कुळं जमिनीची मालक झाली. ते शेतजमिनीचं झालं. घरांबद्दलही गावोगाव एक गैरसमज पसरला आहे की बारा वर्षं भाड्यानं राहिलं की घर आपलं होतं. तसं होत नाही. मालकाच्या संमतीनं आत आलेला माणूस भाडेकरूच राहतो, मग बारा वर्षं होवोत की तीस. हे मी घरमालकांनाही मुद्दाम सांगते, कारण याच भीतीपोटी ते पावती देत नाहीत. पावती दिल्यानं घर जात नाही, मालकांनो. उलट हा माणूस भाडेकरू आहे, मालक नाही, याचा तो तुमच्याच हातातला पुरावा असतो.

आता दारातल्या माणसाकडे वळू. तो खरोखर मालक आहे का? गावाकडे पुष्कळ व्यवहार स्टँपपेपरवर, नोटरीचा शिक्का मारून होतात. कुणाकडे साठेखत असतं, कुणाकडे नुसती इसारपावती. साठेखत हा विकण्याचा वायदा आहे, विक्री नव्हे. शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानंच पुरी होते. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उताराही मालकीचा पक्का पुरावा नाही. घरपट्टी कुणाच्या नावानं आकारली जाते, एवढंच तो सांगतो. म्हणून खरेदीखताची प्रत मागा, नाहीतर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून मिळणारी सूची क्रमांक दोन, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात, ती मागा. मागण्यात उद्धटपणा काही नाही. भाडं चुकीच्या हातात गेलं तर ते पुन्हा भरायची पाळी तुमच्यावर येऊ शकते.

हरसूल अनुसूचित क्षेत्रात येतं, त्यामुळे इथं आणखी एक गोष्ट तपासायची असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६-अ कलमांनुसार आदिवासी व्यक्तीच्या भोगवट्याची जमीन बिगर-आदिवासी व्यक्तीकडे सरकारी मंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. विक्री, देणगी, अदलाबदल, गहाण आणि भाडेपट्टा, हे सगळं त्या कलमात येतं. पाच वर्षांपर्यंतच्या गहाणाला आणि भाडेपट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. बाकीच्या व्यवहारांना त्याआधी राज्य सरकारची मान्यताही लागते. म्हणजे घराखालची जमीन आदिवासी कुटुंबाच्या नावावर असेल आणि समोरचा खरेदीदार बिगर-आदिवासी असेल, तर त्याच्याकडे मंजुरीचा आदेश आहे का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. घर तुम्हीच विकत घ्यायचं मनात आणत असाल तर हाच प्रश्न तुम्हालाही लागू आहे. आयुष्याची पुंजी घालण्याआधी तहसील कार्यालयात जाऊन जमिनीचा दर्जा समजून घ्या. हा कायदा आदिवासींच्या जमिनी वाचवण्यासाठी आहे, आणि तो वाचवलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. स्टँपपेपरवर गुपचूप केलेला सौदा विकणाऱ्यालाही बुडवतो आणि घेणाऱ्यालाही.

समजा, कागद खरे निघाले. मग पुढचं भाडं नव्या मालकाला द्यायचं. विक्री झाल्याचं तुम्हाला माहीत नसताना जुन्या मालकाला प्रामाणिकपणे दिलेलं भाडं मात्र दुसऱ्यांदा मागता येत नाही. तेच १०९ कलम तुमच्या बाजूनं उभं राहतं. विक्रीच्या आधीची थकबाकीही, ती वसूल करायचा हक्क वेगळा लिहून दिलेला नसेल तर, नव्या मालकाची नसते. आणि डिपॉझिट? तुमचे दहा-वीस हजार जुन्या मालकाकडे पडून असतात, तो घर विकून नाशिकला निघून जातो आणि नवा म्हणतो, "मला काही मिळालेलं नाही." हा वाद पुढे लांबत जातो. म्हणून जुना मालक गावात आहे तोवरच त्याच्याकडून चार ओळी लिहून घ्या की डिपॉझिटची रक्कम नव्या मालकाला दिली आहे, आणि त्यावर दोघांच्याही सह्या घ्या.

लिहिण्याचा विषय निघालाच आहे, तर एक पत्र सांगते. कागद-पेन्सिल जवळ असेल तर उतरवून घ्या. "आपण मी राहत असलेले घर विकत घेतल्याचे अमुक तारखेस मला तोंडी सांगितले. मी या घरात अमुक तारखेपासून दरमहा अमुक रुपये भाड्याने राहत असून मूळ मालकांकडे अमुक रुपये अनामत ठेवली आहे. नोंदणीकृत खरेदीखताची प्रत व मूळ मालकांचे पत्र मिळताच पुढील भाडे आपणास देण्यास मी तयार आहे." खाली सही आणि तारीख. हे पत्र स्पीड पोस्टानं पाठवा आणि एक प्रत जुन्या मालकालाही पाठवा. या चार ओळींनी पुष्कळ काम होतं. तुम्ही कधीपासून राहता, भाडं किती, डिपॉझिट किती, हे सगळं वाद सुरू व्हायच्या आधीच्या तारखेला कागदावर येतं. भाडं द्यायची तुमची तयारी होती, हेही दिसतं. यापुढचं भाडं बँकेतून किंवा मोबाइलवरून भरा. रोख द्यावंच लागलं तर पावतीशिवाय देऊ नका.

आता जरा अवघड भाग, आणि तो गोड करून सांगण्यात अर्थ नाही. नाशिक शहरातल्या जुन्या वाड्यांतल्या भाडेकरूंना महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण आहे. हा १९९९चा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो लागू असेल तिथं 'घर विकलं' हे भाडेकरूला काढायचं कारणच होऊ शकत नाही. कायद्यात दिलेलं कारण न्यायालयात सिद्ध करावं लागतं. भाडं थकलं असेल तरी लेखी मागणी करून नव्वद दिवस थांबावं लागतं. पण हा कायदा सरसकट प्रत्येक गावाला लागू नाही, तर त्याच्या अनुसूचीतल्या आणि सरकारनं अधिसूचित केलेल्या भागांनाच लागू आहे. त्याबाहेरच्या गावात साधा महिनेवारीचा तोंडी करार असेल, तर मालक पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन तो संपवू शकतो, मग मालक जुना असो की नवा. त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. तेव्हा दारातल्या माणसाचे 'पंधरा दिवस' अगदीच हवेतले नसतात. फक्त ते तोंडी चालत नाहीत, आणि पंधरा दिवस संपले म्हणून कुलूप तोडायचा परवानाही कुणाला मिळत नाही. तुम्ही निघाला नाहीत तर त्याला दिवाणी दावाच लावावा लागतो.

याहूनही नाजूक जागा आहे ती अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सच्या करारात. तो करार केला की आपण सुरक्षित झालो, असं लोकांना वाटतं. पण लायसन्स म्हणजे वापराची परवानगी, आणि १८८२च्याच सुविधाधिकार कायद्याचं ५९ कलम सांगतं की परवानगी देणाऱ्यानं मालमत्ता विकली तर ती परवानगी नव्या मालकावर आपोआप बंधनकारक राहत नाही. मुदतीआधी निघावं लागलं तर सामानसुमान हलवायला रास्त वेळ मिळण्याचा हक्क तुम्हाला आहे. पैसे देऊन घेतलेली परवानगी तुमची काही चूक नसताना मध्येच गेली, तर जुन्या मालकाकडून भरपाईही मागता येते. तरी मुलांची शाळा वर्षाच्या मधोमध बदलावी लागणार असेल, तर त्या भरपाईनं काय साधणार? म्हणून करार करतानाच त्यात एक कलम घालून घ्या: मुदतीत घर विकलं तरी राहणाऱ्याला मुदत पुरी करू दिली जाईल, मालक ही अट खरेदीखतात घालेल, आणि डिपॉझिट परत करण्याची जबाबदारी मालकावर राहील. करार नोंदवूनही घ्या. महिना चार हजार भाडं असेल तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे शंभर-सव्वाशेच्या घरात जातं. नोंदणी फी वेगळी. कागदाच्या डोक्यावर 'लायसन्स' लिहिलं म्हणून तो लायसन्सच ठरतो असंही नाही. घराचा संपूर्ण ताबा तुमच्याकडेच होता का, दोघांचा हेतू काय होता, हे न्यायालय पाहतं. पण तो वाद वकिलामार्फत लढायचा असतो, आणि आधीच घालून घेतलेलं कलम त्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

जबरदस्तीबद्दल थोडं स्पष्ट बोलते. पाणी तोडणं, मीटरची वायर काढणं, तुम्ही बाजाराला गेलात की दाराला दुसरं कुलूप लावणं, सामान ओसरीवर आणून टाकणं, यातलं काहीही करायचा हक्क मालकाला नाही. मग त्याची कागदपत्रं कितीही पक्की असोत. कृष्णा राम महाले विरुद्ध शोभा व्यंकटराव या १९८९च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की स्थिर ताब्यात असलेल्या माणसाचा तिथं राहण्याचा हक्क उरलेला नसला तरी मालकानं त्याला कायद्याच्या मार्गानंच काढलं पाहिजे. तरीही तुम्हाला बाहेर काढलंच, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमाखाली ताबा परत मिळवायचा दावा करता येतो. त्यात घराचा मालक कोण हे पाहिलंच जात नाही. ताबा कुणाचा होता आणि तो बेकायदा काढून घेतला का, एवढंच पाहतात. मात्र हा दावा सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. "बघू, समजुतीनं मिटेल," म्हणत लोक हीच मुदत घालवतात. समजुतीची बोलणी जरूर चालू ठेवा, पण तारखेवर लक्ष असू द्या. दमदाटी झाली, कुणी घरात घुसलं, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. "हे दिवाणी प्रकरण आहे," असं सांगून परत पाठवलं तरी ती पोच पुढे न्यायालयात उपयोगी पडते.

वकिलाच्या फीची धास्ती बाळगू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हरसूल परिसरातली बहुसंख्य माणसं यात बसतात. नाशिकला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सल्ला घेता येतो. तिथं जाताना भाड्याच्या पावत्या, मोबाइलवरच्या व्यवहारांचे छापील कागद, वीजबिल आणि त्या पत्त्यावरचं एखादं जुनं टपाल सोबत न्या. नोटीस आली असेल तर तिचं पाकीटही न्या, फेकू नका. त्या पाकिटावरून आणि टपालाच्या नोंदीवरून नोटीस तुमच्या हाती कधी पडली ते ठरतं, आणि पंधरा दिवस त्याच तारखेपासून मोजायचे असतात.